पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कुठली? आधी चुकून बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या बदलतात. एकीवर 'सी, सी प्लस प्लस', दुसरीवर 'जावा फुल स्टॅक', तिसरीवर 'पायथन विथ एआय'. फी भरण्याआधी मुलं आणि पालक एकच प्रश्न विचारत फिरतात : सुरुवात कुठल्या भाषेपासून करायची? उत्तर देणारा बहुधा तो स्वतः जी शिकला तिचंच नाव घेतो. सीवाला म्हणतो, पाया पक्का होईल. जावावाला म्हणतो, नोकरी लागेल. पायथनवाला म्हणतो, सोपी आहे. तिघांचंही खरं असतं, फक्त प्रत्येकजण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

या लेखात आपण एक छोटं काम घेऊ, ते तीन भाषांमध्ये करून बघू आणि मुद्दाम चुका करू. सगळं सुरळीत चाललं की कुठलीही भाषा चांगलीच वाटते. नवशिक्याचा बराच वेळ मात्र चुका शोधण्यात जातो. त्यामुळे चूक झाल्यावर भाषा आपल्याला काय सांगते, किती स्पष्ट सांगते आणि कधी सांगते, हे आधी तपासलेलं बरं.

काम एकच : वीजबिल

समजा विजेचा दर असा आहे : पहिल्या १०० युनिटना प्रत्येकी ५ रुपये, त्यापुढच्या प्रत्येक युनिटला १० रुपये. खऱ्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असं बरंच काही असतं, ते तूर्त सोडून देऊ. १३० युनिट जळले तर ५०० अधिक ३००, म्हणजे ८०० रुपये. हे आपण तोंडी करतो. संगणकाकडून करून घ्यायचं तर त्याचे तुकडे पाडावे लागतात.

पहिला तुकडा : युनिटचा आकडा विचारून घ्यायचा आणि एखाद्या नावाखाली ठेवायचा. हे व्हेरिएबल. दुसरा : आकडा १०० पेक्षा जास्त आहे का ते बघायचं, असेल तर एक हिशेब, नसेल तर दुसरा. ही इफ-एल्सची अट. तिसरा : सोसायटीतल्या ४० घरांची बिलं काढायची असतील तर तोच हिशेब ४० वेळा फिरवायचा. हा लूप. चौथा : ४० घरांचे आकडे एका यादीत ठेवायचे. ही लिस्ट किंवा ॲरे. पाचवा : बिल काढायची कृती एकदाच लिहून तिला नाव द्यायचं, म्हणजे पुढे नुसतं नाव घेतलं की काम होतं. हे फंक्शन.

हे पाच तुकडे सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी अशा सगळ्या नेहमीच्या भाषांत आहेत. लिहायची चिन्हं तेवढी बदलतात. पहिली भाषा शिकताना बहुतेक वेळ या पाच कल्पना अंगवळणी पडण्यात जातो आणि त्या एकदा पडल्या की परत शिकाव्या लागत नाहीत. म्हणून दुसरी भाषा पहिलीपेक्षा कितीतरी लवकर येते. पहिली भाषा 'चुकीची' निवडली तर वर्ष फुकट जाईल, ही भीती यामुळेच अनाठायी आहे. पहिल्या भाषेकडून एवढीच अपेक्षा ठेवायची, की या पाच कल्पना शिकताना तिने मध्ये फारसं येऊ नये आणि आपण घसरलो तर नेमकं कुठे घसरलो ते सांगावं.

सी : जाणकारांसाठी बनलेली भाषा

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडवली. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यासाठी त्यांना मेमरीशी थेट व्यवहार करणारी भाषा हवी होती. वापरणारा जाणकार असणार, हे त्यात गृहीत होतं. आजही लिनक्सचा गाभा मुख्यतः सीमध्ये आहे आणि पायथनचा नेहमी वापरला जाणारा इंटरप्रिटरसुद्धा सीमध्येच लिहिलेला आहे.

सीमध्ये बिल लिहायला बसलं की वर हेडर फाइल, मग मेन फंक्शन, महिरपी कंस, ओळीच्या शेवटी सेमीकोलन, आणि प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार आधीच जाहीर करणं आलं. युनिट पूर्णांक आहेत, म्हणून 'इंट'. आकडा घ्यायला स्कॅनएफ वापरायचं आणि तिथे व्हेरिएबलच्या नावाआधी अँपरसँडचं चिन्ह लावायचं. त्या चिन्हाचा अर्थ 'या व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता'. पत्ता कशाला द्यायचा हे कळायला पॉइंटर यावे लागतात आणि पॉइंटरचं प्रकरण पुस्तकात बरंच पुढे असतं. तोवर विद्यार्थी ते चिन्ह पाठ करतो.

आता ते मुद्दाम विसरा. कंपायलर फार तर इशारा देतो, प्रोग्रॅम तयार होतो, आणि आकडा टाकून एंटर दाबलं की बहुतेक वेळा कोसळतो. लिनक्सवर पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढंच येतं. चूक कोणत्या ओळीत आहे याचा पत्ता नाही.

दुसरी चूक याहून साळसूद आहे. ८०० रुपयांचं बिल तीन रूम पार्टनरमध्ये वाटायचंय. सीमध्ये ८०० भागिले ३ लिहिलं तर उत्तर २६६ येतं. भाज्य आणि भाजक दोन्ही पूर्णांक, म्हणून उत्तरही पूर्णांक. दशांश चिन्हापुढचं सगळं कापलं जातं. तिघांचे मिळून ७९८ होतात आणि उरलेल्या दोन रुपयांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. हा भाषेचा नियमच आहे, त्यामुळे कंपायलरची तक्रार येण्याचा प्रश्नच नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या लॅबमध्ये हमखास भेटतो. अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी हा निळ्या पडद्याचा कंपायलर चालत आला. बोरलँड कंपनीचा हा कंपायलर डॉसच्या जमान्यातला. त्यात इंट १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आता सोसायटीच्या पंपाचे आणि लिफ्टचे मिळून ४,००० युनिट त्याला द्या. आपल्या दराने बिल ३९,५०० रुपये व्हायला हवं. टर्बो सी सांगतो, उणे २६,०३६. मर्यादा ओलांडली की संख्या ६५,५३६ने मागे फिरते, म्हणून ही गंमत. हिशेबाने वीज कंपनीच सोसायटीचं देणं लागते! आजच्या जीसीसी कंपायलरवर इंट साधारणपणे ३२ बिटांचा असतो आणि मर्यादा २१४ कोटींच्या पुढे जाते, त्यामुळे हेच बिल बरोबर येतं.

यावरून सी वाईट ठरत नाही. पूर्णांकाला मर्यादा का असते, मेमरीत पत्ता म्हणजे काय, हे या तीन अपघातांतून जितकं कळतं तितकं इतर कुठे कळत नाही. शिवाय काही चुका सीचा कंपायलर प्रोग्रॅम चालण्याआधीच पकडतो. व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं तर तो प्रोग्रॅम तयारच करत नाही. शेजारी समजावणारा कोणी असेल तर सीपासून केलेली सुरुवात भक्कम होते. एकट्याने घरी बसून शिकणाऱ्याची मात्र दमछाक होते. शिकायचंच असेल तर घरी जीसीसी टाका, त्याचा इशारे दाखवण्याचा पर्याय सुरू ठेवा, आणि कोनिओ हेडर, पडदा पुसणारं फंक्शन असल्या टर्बो सीपुरत्या सवयी परीक्षेपुरत्याच ठेवा. त्या प्रमाण सीचा भाग नाहीत.

पायथन : थांबते आणि बोलते

ग्विडो व्हॅन रॉसम यांनी पायथनला सुरुवात केली ती १९८९च्या नाताळच्या सुट्टीत. ते ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत होते आणि पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१मध्ये बाहेर आली. त्याआधी त्यांनी त्याच संस्थेत एबीसी नावाच्या, संगणकात न मुरलेल्या लोकांसाठी बनवलेल्या भाषेवर काम केलं होतं. पायथनचा सुटसुटीतपणा बऱ्याच अंशी तिथून आलेला आहे.

इथे वीजबिलाचा प्रोग्रॅम जेमतेम पाच-सहा ओळींचा होतो. व्हेरिएबलचा प्रकार जाहीर करावा लागत नाही, महिरपी कंस नाहीत. कुठली ओळ कोणत्या अटीखाली आहे हे डावीकडच्या मोकळ्या जागेवरून ठरतं. ८०० भागिले ३ केलं की २६६.६६ असं पुढे दशांशात उत्तर येतं. पूर्णांक कितीही मोठा असला तरी मावतो.

आता चूक करू. इनपुट फंक्शनने युनिट विचारले आणि आपण १३० टाइप केलं. पायथनच्या हाती संख्या पडत नाही. एक, तीन, शून्य ही तीन अक्षरं पडतात. हे विसरून आपण पुढे विचारतो, हे १०० पेक्षा मोठं आहे का? पायथन तिथेच थांबते. लाल अक्षरांत चार-पाच ओळी येतात आणि नवशिका घाबरतो. घाबरायचं नाही, सर्वात खालची ओळ आधी वाचायची. तिथे 'टाइपएरर' असं लिहिलेलं असतं आणि पुढे, मजकूर आणि पूर्णांक यांच्यात लहान-मोठं ठरवता येत नाही, अशा अर्थाचं वाक्य. त्याच्या वर ओळीचा क्रमांक आणि ती ओळसुद्धा. इनपुटभोवती 'इंट' घातलं की काम झालं.

हे संदेश अलीकडे आणखी सुधारले आहेत. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून नावाचं स्पेलिंग चुकलं तर 'तुम्हाला अमुक म्हणायचंय का' असं पायथन विचारते, आणि उघडलेला कंस बंद केला नाही तर नेमका कोणता कंस उघडा राहिला तेही दाखवते.

पण खोट तिच्यातही आहे. पायथनला नावातली किंवा प्रकारातली चूक कळते ती त्या ओळीवर पोचल्यावर. एल्सच्या खालच्या ओळीत नाव चुकलंय आणि तुम्ही १३०, २००, ३५० युनिट टाकून तपासलंत, तर सगळं बरोबर येईल. कधीतरी कोणीतरी ८० युनिट टाकेल तेव्हा प्रोग्रॅम मोडेल. म्हणून पायथन शिकणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सवय लावायची : अटीच्या दोन्ही बाजू आणि नेमका १०० हा आकडा टाकून बघायचा. आणि एक सावधगिरी. एखाद्या जुन्या पुस्तकात प्रिंटच्या पुढे कंस नसतील तर ते पायथन २चं आहे. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२०ला थांबली, ते पुस्तक बाजूला ठेवा.

जावास्क्रिप्ट : अडत नाही, हीच अडचण

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. नावातलं 'जावा' हे त्या वेळच्या जावाच्या बोलबाल्यामुळे आलं. दोन्ही भाषा वेगळ्या. तिचा मोठा फायदा म्हणजे काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडून एफ-१२ दाबलं, कन्सोलवर गेलं की सुरुवात. लिहिलेलं काम पानावर बटण, रंग, तक्ता होऊन लगेच दिसतं आणि लिंक पाठवून घरच्यांना दाखवता येतं. शिकणाऱ्याचा हुरूप टिकायला याचा फार उपयोग होतो.

चुकीच्या बाबतीत मात्र तिचा स्वभाव निराळा आहे. इथेही आकडा विचारणाऱ्या 'प्रॉम्प्ट' फंक्शनमधून आलेला १३० हा मजकूरच असतो. पण १०० पेक्षा मोठा आहे का असं विचारलं तर जावास्क्रिप्ट गुपचूप त्याची संख्या करते. त्यातून १०० वजा केले तर ३० देते. बिल ८००, अगदी बरोबर. आपण खूश.

आता एका घरात दोन मीटर आहेत, एकाचे १३० युनिट आणि दुसऱ्याचे ४०. बेरीज १७०, बिल १,२०० रुपये व्हायला हवं. पण मजकुराच्या बाबतीत अधिकच्या चिन्हाचा अर्थ 'जोड' असा होतो. १३० आणि ४० जोडून झाले १३०४०. पुढच्या ओळीत त्याची पुन्हा संख्या झाली आणि बिल आलं १,२९,९०० रुपये. एरर नाही, लाल अक्षर नाही. पायथनमध्येही मजकूर जोडला गेला असता, पण पुढच्या तुलनेपाशी ती थांबली असती.

शून्याने भागूनही असाच फरक दिसतो. पायथन 'झिरोडिव्हिजनएरर' म्हणून थांबते. जावास्क्रिप्ट 'इन्फिनिटी' हे उत्तर देऊन पुढे जाते. सीमध्ये पूर्णांकाला शून्याने भागलं तर काय व्हावं हे प्रमाणात ठरवलेलंच नाही. बहुतेक संगणकांवर प्रोग्रॅम बंद पडतो.

मराठी माणसांसाठी काही बनवायचं असेल तर आणखी एक चाचणी घ्या. फोनवर मराठी कीबोर्ड लावलेल्या आजोबांनी युनिटच्या रकान्यात देवनागरी अंक टाकले तर? पायथनचं 'इंट' ते निमूट वाचतं आणि हिशेब बरोबर देतं. जावास्क्रिप्टचं 'नंबर' त्याला संख्या मानत नाही, उत्तर येतं 'नॅन', म्हणजे नॉट अ नंबर. सीच्या स्कॅनएफला ते वाचताच येत नाहीत आणि व्हेरिएबलमध्ये आधी जे काही असेल ते तसंच राहतं. शब्दांचंही तसंच. 'मराठी' या शब्दाची लांबी पायथन आणि जावास्क्रिप्ट ५ सांगतात, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. सीचं नेहमीचं फंक्शन युटीएफ-८मध्ये १५ सांगतं, कारण ते बाइट मोजतं.

जावा आणि इतर

जेम्स गॉस्लिंग यांच्या पुढाकाराने सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेली जावा १९९५मध्ये आली. तिच्यात एक ओळ छापायची तर आधी क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड असे शब्द लिहावे लागत आणि त्यांचा अर्थ काही महिन्यांनी कळे. अगदी अलीकडच्या आवृत्त्यांत हे बरंच सैल झालंय. बदल्यात जावा प्रकारांच्या बाबतीत कडक आहे : पूर्णांकाच्या जागी मजकूर ठेवला तर प्रोग्रॅम चालूच होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या, बँकांच्या कामात याचं मोल आहे.

अँड्रॉइड ॲप बनवायचं असेल तर कोटलिन : गूगलने २०१७मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९पासून तिलाच पहिली पसंती आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७मध्ये आणलेली स्क्रॅच. तिच्यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम होतो, त्यामुळे कंस आणि स्पेलिंगच्या चुका होतच नाहीत. एचटीएमएलची गणना मात्र प्रोग्रॅमिंग भाषांत करू नका. पानाची मांडणी तिने होते, पण अट आणि लूप तिच्यात नाहीत.

मग मी कुठली घेऊ?

अभ्यासक्रमात भाषा ठरलेली असेल तर तीच तुमची पहिली भाषा. पॉलिटेक्निकला किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला सी असेल तर सी नीट शिका. आपल्या बोर्डाच्या बारावीला माहिती तंत्रज्ञान घेतलं असेल तर जावास्क्रिप्ट आणि पीएचपी पुस्तकात आहेतच. सीबीएसईच्या संगणकशास्त्रात पूर्वी सी प्लस प्लस होती, आता पायथन आहे. एकाच वर्षी कॉलेजात एक आणि क्लासमध्ये दुसरी असं केलंत तर दोन्हींची चिन्हं डोक्यात मिसळतात.

भाषा ठरलेली नसेल तर हाताशी काय आहे आणि बनवायचं काय आहे ते बघा. वेबसाइट करायचीय, तर जावास्क्रिप्टला पर्याय नाही. एचटीएमएल-सीएसएसची ओळख करून घेऊन तिथूनच सुरू करा. इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे, अर्डुइनोचा बोर्ड आणून दिवे लुकलुकवायचेत, तर सी आणि सी प्लस प्लस. ऑफिसात दिवसभर एक्सेल असेल तर पायथन आणि जोडीला एसक्यूएल. एक्सेलमध्ये इफ लिहिता येत असेल तर पाचातला एक तुकडा तुम्हाला आधीच येतो. लॅपटॉप नसेल तर गूगल कोलॅबवर फोनच्या ब्राउझरमध्येही पायथन चालते, फक्त कीबोर्ड छोटा असल्याने वेळ लागतो. यातलं काहीच पक्कं नसेल आणि घरी एकट्यानेच शिकायचं असेल, तर पायथन घ्या. चूक झाली की ती थांबते आणि सांगते, हे त्यामागचं कारण. इंग्रजी व्याख्यानं जड जात असतील तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे अनेक धडे मराठी आवाजात फुकट उपलब्ध आहेत.

एआय कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला, असाही प्रश्न हल्ली येतो. दोन मीटरचं ते १,२९,९०० रुपयांचं बिल आठवा. तो कोड माणसाने लिहिलेला असो की यंत्राने, न अडखळता चालला होता. उत्तर चुकलंय हे ओळखायला १७० युनिटचं बिल किती यायला हवं ते आधी माहीत असावं लागतं, आणि चूक अधिकच्या चिन्हात आहे हे शोधायला कोड वाचता यावा लागतो.

अजूनही दोन भाषांत मन अडकलं असेल तर एक संध्याकाळ काढा. दोन्हींत हे वीजबिल लिहा, मग चार चुका मुद्दाम करा : एक कंस उघडा सोडा, एका नावाचं स्पेलिंग बिघडवा, आकड्याच्या जागी नाव टाका, शून्याने भागा. जिचं म्हणणं तुम्हाला दुसऱ्या कोणाला न विचारता समजलं, ती घ्या. मग भाषा न बदलता तिच्यातच राहा. ४० घरांचे युनिट फाइलमधून वाचून, प्रत्येकाचं बिल काढून, एकूण बेरीज दाखवणारा प्रोग्रॅम कुठेही न बघता लिहिता आला, की दुसऱ्या भाषेचं पुस्तक उघडायला हरकत नाही.